गण नव्हे, सलामी

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी गण म्हटला नव्हता. तो टीव्हीने त्यांच्या तोंडी घातला, आणि तेव्हा ते समोर सतरंजीवर बसून बघत होते.

बाबा म्हणजे शाहीर बाबुराव ओव्हाळ, येरवडा. सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले, पण कुणी कामधंदा विचारला तर छापखान्याचं नाव काढत नाहीत, ‘आमचा जलसा आहे’ म्हणतात. जलशाची पार्टी माझ्या आजोबांनी बांधली. आजोबा मूळ तमाशाच्या फडात गायचे. फडाचा रिवाज असा, की आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन, आणि मग बाकी सगळं. छप्पन साली आजोबा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले आणि त्यांनी गण सोडला. पण कार्यक्रमाला तोंड तर हवं. म्हणून त्यांनी स्वतः एक सलामी रचली, बाबासाहेबांना, आणि ती गणाच्या जागी ठेवली. पुढे एका गावात पंचमंडळी म्हणाली, गण म्हणा, नाहीतर खाली उतरा. आजोबा उतरले. अख्खी पार्टी वाद्यं डोक्यावर घेऊन उपाशीपोटी चालत पुण्याला आली. आमचे ढोलकीवाले अनंतकाका त्या पायपिटीत होते. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की आता माझेच पाय दुखतात.

तर आमच्या घरात सलामी ही नुसती गाण्याची सुरुवात नाही. ती म्हटली की आम्ही कोण, हे सांगून झालं. बाबांचं गणपतीशी काही वाकडं नाही. शेजारच्या मंडळाची आरती सुरू झाली की ते आपल्या टीव्हीचा आवाज कमी करतात. ‘ज्याचा त्याचा गण,’ म्हणतात, ‘आमची सलामी.’ माझं नाव दीक्षा ठेवलं तेही त्यांनीच.

मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं माझ्या नोकरीचं वर्णन आई करते. ती म्हणते ही सवय मला जन्मजात होती, कंपनीने फक्त कार्ड दिलं.

त्या वर्षी घरोघरी केबल होती आणि केबलवर इतक्या वाहिन्या की रिमोटची बटणं झिजायची. त्या गर्दीत अगदी तळाला ‘जनरंग’ होती. अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाहिनी, स्टुडिओ नारायण पेठेत, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. नाच नाही, सासू-सून नाही. किल्ले, ओव्या, जुनी नाणी, भजनी मंडळं. बघणारे बहुतेक पेन्शनर. तिथे ‘मुलखाचं गाणं’ नावाचा कार्यक्रम लागायचा आणि त्याचे निर्माते श्रीनिवास सर एक दिवस स्वतः आमच्याकडे आले. खादीचा झब्बा, गोड बोलणं, चहा दोनदा घेतला. म्हणाले, ‘बाबुराव, आपला जलसा रेकॉर्ड झालाच पाहिजे. उद्या हे ऐकायला मिळणार नाही.’

बाबा त्या दिवशी गल्लीत उगाचच दोन फेऱ्या मारून आले.

रेकॉर्डिंगला मी सुट्टी काढून गेले होते. सेटवर पुठ्ठ्याचा मोठा गणपती आणि समई. प्रत्येक भागाला तोच सेट असायचा. बाबांनी हात जोडून श्रीनिवास सरांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘सर, आमच्याकडे गण नसतो. सलामी असते. ही मूर्ती जरा बाजूला घेतलीत तर बरं.’ सर म्हणाले, ‘हो हो, अवश्य,’ आणि दोन माणसांनी गणपती उचलून पडद्यामागे ठेवला. मग बाबांनी तुणतुणं छातीशी धरलं, अनंतकाकांनी ढोलकीवर थाप दिली, आणि जी सलामी झाली ती मी तरी तशी आधी कधी ऐकली नव्हती. कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा मान हलवत होता.

मार्चमध्ये कार्यक्रम लागणार होता. आईने, जया तिचं नाव, केबलवाल्याला दम दिला की त्या संध्याकाळी जनरंग बंद असली तर तुझी वायर मी कापीन. विहारासमोर टीव्ही मांडला. सगळी गल्ली जमली. बाबा मधोमध, इस्त्रीचा सदरा. अनंतकाका शेजारी, ते टीव्हीकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होते.

नाव आलं, संगीत आलं. पडद्यावर बाबा आले, तुणतुणं घेऊन. आणि आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा. भरदार, मराठवाड्याकडचा गळा, गणपतीचा गण गाणारा. बाबांचे ओठ हलत होते, मागे आमची पार्टी डोलत होती, आणि खाली पट्टी आली: ‘गण – शाहीर बाबुराव ओव्हाळ आणि पार्टी, येरवडा.’

ओठ आणि आवाज कुठेच जुळत नव्हते. आमच्या ऑफिसात असं काम माझ्या टेबलावरून पुढे गेलं नसतं. पण गल्लीने ओठ बघितले नाहीत, पट्टी वाचली. कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. मग कुणी म्हणालं, ‘टीव्हीवर दिसायला काय काय करावं लागतं.’ अनंतकाका उठले. ते बाबांकडे न बघता म्हणाले, ‘माझ्या ढोलकीवर गण? तू हो म्हटल्याशिवाय लावला त्यांनी? तुझ्या बापानं उपाशी चालवलं आम्हाला, ते ह्याच्यासाठी?’ आणि चपला घालून गेले. पुढे आमची गाणी लागली, ती नीट होती, आमच्याच आवाजात होती. पण ती ऐकायला निम्मी सतरंजी रिकामी झाली होती.

बाबा शेवटपर्यंत बसले. मग टीव्ही स्वतः उचलून घरात आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तेजस, माझ्या टीममधला, कॉफीचा कप घेऊन आला. ‘ए दीक्षा, तुझे डॅड सिंगर आहेत? सांगितलं नाहीस यार! आमच्या आज्जीने काल टीव्हीवर बघितलं. काय गण म्हटलाय म्हणे, शी लव्ह्ड इट!’ मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. तेजसवर नाही, तो बिचारा कौतुकच करत होता. राग ह्याचा, की जी गोष्ट माझ्या आजोबांनी पोट मारून नाकारली ती आता लोक आमच्या कौतुकात मोजत होते. आणि ते तेजसला समजावून सांगायचं म्हणजे आजोबा, नागपूर, सगळं त्या कॉफी मशीनपाशी उलगडायचं. चार वर्षं त्या ऑफिसात मी ते उलगडलं नव्हतं. त्या दिवशीही ‘थँक्स’ म्हटलं आणि जागेवर येऊन बसले, आणि मग दिवसभर मला स्वतःचीच चीड येत राहिली.

आठवड्याभरात विहाराच्या कमिटीने जयंतीला दुसरी पार्टी सांगायचं ठरवलं. बाबांना सांगायला कुणी आलं नाही. ते आम्हाला दुधाच्या रांगेत कळलं. आजोबांपासून एकही जयंती आमच्या सलामीशिवाय झाली नव्हती.

मी बाबांना घेऊन नारायण पेठेत गेले. श्रीनिवास सर खरोखर गोंधळले होते, नाटक नव्हतं ते. म्हणाले, ‘अहो बाबुराव, आम्ही तर मदत केली. लोककला म्हटली की सुरुवात गणाने. आमच्या सगळ्या भागांची तीच पद्धत आहे. तुमच्या भागाला सुरुवातच नव्हती. एडिटिंगला बसल्यावर अपुरं वाटायला लागलं, म्हणून लायब्ररीतला एक चांगला गण लावला. उत्तम गण आहे तो.’

‘सुरुवात होती, सर,’ बाबा म्हणाले. ‘तुमच्यासमोरच केली.’

‘ते समरगीत वगैरे ना? ते छान होतं, पण गण नव्हता ना तो.’

मी तोंड उघडलं, बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘मग ती सलामी परत दाखवा.’

सरांनी चष्मा पुसला. टेप पुन्हा वापरली होती. नव्या टेप मिळत नाहीत, कापून उरलेल्या भागावर पुढचं चित्रीकरण करतात, हीच तिथली रीत. आमच्या सलामीवर आता कुठल्याशा किल्ल्याची तटबंदी होती. ‘पण मी पडद्याच्या तळाशी दिलगिरीची पट्टी फिरवतो की,’ सर म्हणाले. ‘दोन दिवस फिरवतो.’

‘तुम्ही माझ्या तोंडात आवाज घातलात,’ बाबा म्हणाले, ‘आणि काढणार अक्षरांनी? आवाज घातलात, आवाजानेच काढा.’

‘आता ते कसं शक्य आहे, आपणच सांगा.’

‘ते तुम्ही ठरवा. मी बाहेर बसतो.’

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण बाबा खरोखर बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही गेले. तुणतुण्याला कापडी पिशवी, डब्यात भाकरी, आणि जनरंगच्या स्वागतकक्षातलं बाक. घोषणा नाही, फलक नाही. कुणी विचारलं, ‘आजोबा, कुणाकडे काम आहे?’ तर बाबा शांतपणे सगळं सांगायचे, गणापासून तटबंदीपर्यंत. किल्ल्यांचे अभ्यासक आले, भजनी मंडळं आली, सगळ्यांनी ऐकलं. मी चिडून म्हणायचे, पेपरात देऊ, वकील करू, किती दिवस असं बसणार? ते म्हणायचे, ‘बाक सार्वजनिक आहे. वाहिनीही सार्वजनिक आहे. मीही सार्वजनिकच आहे की.’

श्रीनिवास सर जाता येता नमस्कार करायचे आणि बाबाही उठून नमस्कार करायचे. सरांना तेच जास्त जड जात असावं.

मग एक दिवस वैजनाथबुवा आले. लातूरकडचे शाहीर, भगवा फेटा, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा थेट कार्यक्रम होता, त्याच्या तालमीसाठी आले होते. दारातूनच त्यांनी कुणाला तरी हाक मारली आणि तो गळा ओळखून बाबा बाकावरून उठले. त्या दिवशी शनिवार, मी सोबत होते. बाबा पुढे जाऊन म्हणाले, ‘बुवा, तुमचा गण माझ्या तोंडी लागला होता. गळा छान आहे तुमचा. पण तो मला नको होता.’

बुवांनी सगळं ऐकलं. अर्ध्यावरच त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ते बाबांवर उखडणार. ते उखडले ते श्रीनिवास सरांच्या खोलीत, आणि आवाज खालच्या बँकेत ऐकू गेला असेल.

‘माझ्या वडिलांनी रचलेला गण आहे तो! अंघोळ केल्याशिवाय मी तो म्हणत नाही. अन तुम्ही तो ज्याला नको त्याच्या तोंडात कोंबता? ह्यात ह्यांचा अपमान झाला तो झालाच, माझ्या गणपतीचा झाला त्याचं काय?’

सर म्हणाले, ‘बुवा, शांत व्हा, तांत्रिक बाब आहे.’

‘मग माझीही तांत्रिक बाब ऐका. शुक्रवारी आधी ह्यांची सलामी. मग माझा गण. सलामी नाही तर मी पण नाही. लावा किल्ले.’

थेट कार्यक्रमाची जाहिरात आठवडाभर फिरत होती. सरांनी शेवटी दोन मिनिटं कबूल केली. ‘थोडक्यात खुलासा करा, एखादी ओळ गुणगुणा, आणि बुवांकडे सोपवा. वाद नको.’ बाबा ‘बघू’ म्हणाले. बाबांचं ‘बघू’ सरांना माहीत नव्हतं.

अडचण पार्टीची होती. अनंतकाका दार उघडेनात. बाबा त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून आले. आतून आवाज आला, ‘तू गा तुझा गण.’ काका नाहीत म्हटल्यावर बाकीचेही कामं निघाली म्हणाले. मागे उभं राहून गायकाची ओळ उचलायची, त्याला झील धरणं म्हणतात. झील धरायलासुद्धा माणूस उरला नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी झील धरायचे. कॉलेजला गेल्यावर सोडली. कारण विचारू नका, खरं कारण मला आवडत नाही.

‘मी धरते,’ मी म्हटलं.

गुरुवारी मी तेजसच्या टेबलाशी गेले आणि सगळ्या टीमला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘तेजस, तो गण माझ्या बाबांनी म्हटला नव्हता. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या जलशात बाबासाहेबांना सलामी असते. टीव्हीवाल्यांनी चूक केली. उद्या संध्याकाळी बाबा आणि मी ती दुरुस्त करतोय, लाइव्ह. आज्जीला सांग.’ तेजस ‘ओके... कूल’ म्हणाला. कुणाचा तरी कीबोर्ड वाजायचा थांबला. मी दुसऱ्या दिवसाचा हाफ डे टाकला. इतकं हलकं मला पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही निघताना आईने पुन्हा टीव्ही बाहेर काढला, गल्लीच्या मधोमध मांडला. ‘कुणी येणार नाही, जया,’ बाबा म्हणाले. ‘न येणाऱ्यांनाही ऐकू जाईल,’ आई म्हणाली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

स्टुडिओत पुठ्ठ्याचा गणपती जागेवर होता. बाबा काही बोलायच्या आत बुवांनीच माणसांना सांगितलं, ‘आधी बाजूला घ्या, माझ्या वेळेला आणा.’ मग ते बाबांना म्हणाले, ‘शाहीर, ढोलकी नाही तुमची. माझा ढोलकीवाला देतो, पट्टीचा आहे.’

‘नको, बुवा,’ बाबा म्हणाले. ‘आमची ढोलकी अनंताची आहे.’ त्यांनी सतरंजीवर आपल्या उजव्या हाताला, काका बसतात तिथे, एक चादर घडी करून ठेवली. ‘ही जागा अशीच दिसू दे.’

लाल दिवा लागला. श्रीनिवास सर काचेपलीकडून हसून मान हलवत होते, खुलासा करा म्हणून. बाबांनी खुलासा केला नाही. तुणतुणं छातीशी धरलं, तार छेडली आणि गळा उघडला.

‘सलाम भीमरायाला, ज्यानं उभं केलं दारात,
मान वाकत नाही आता कुणाच्या दरबारात…’

मी झील उचलली. पहिल्यांदा माझा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नाही. ढोलकीवाचून लय सांभाळणं म्हणजे कठड्याशिवाय जिना उतरणं, पण बाबा उतरत राहिले. पहिलं कडवं संपलं, दोन मिनिटंही संपली. फ्लोअरवरच्या माणसाने हाताने आवरतं घ्यायची खूण केली. बाबांनी डोळे मिटले. काचेपलीकडे सर उठून उभे राहिले, त्यांनी एका बटणाकडे बोट दाखवलं. तेव्हा वैजनाथबुवा फेटा सावरत चालत गेले आणि त्या काचेच्या दारात उभे राहिले. त्या दारात दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही, आणि त्यांच्याकडे बघून आतल्या कुणाचा हात त्या बटणाकडे गेला नाही.

सलामी पूर्ण झाली. आजोबांनी रचली होती तेवढी, सगळी कडवी. बाबांनी डोळे उघडले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आमच्या जलशाची ही सुरुवात. बुवा, आता तुमचा गण होऊ द्या.’ आणि बुवांचा गण आम्ही दोघांनी सतरंजीच्या कडेला बसून नीट ऐकला. त्यांच्या तोंडी तो खरंच उत्तम होता.

रिक्षात बाबांनी तुणतुणं पिशवीत घालून मांडीवर घेतलं. मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, ‘ढोलकी हवी होती गं.’ एवढंच.

गल्लीत शिरलो तर टीव्ही अजून बाहेर होता आणि त्याच्याभोवती इतकी माणसं की रिक्षा पुढे जाईना. बाबांना बघून वाट झाली. आई पुढे आली, डोळे लाल, पण बोलणं नेहमीचंच. ‘टीव्हीत ढोलकी नव्हती,’ ती म्हणाली. ‘इथे होती.’

टीव्हीसमोर, सतरंजीवर, बाबांच्या उजव्या हाताला आली असती त्या जागी, अनंतकाका बसले होते. मांडीवर ढोलकी, कपाळावर घाम. आई सांगत होती की पहिल्या ओळीला ते दारात आले, दुसऱ्या ओळीला आत गेले, आणि मी झील उचलली तोवर ढोलकी घेऊन इथे बसलेले होते. सगळी सलामी त्यांनी पडद्याकडे बघत वाजवली. कमिटीचे लोक मागे उभे होते, आता जयंतीचं काय ते बोलायला अवघडून.

बाबा काकांसमोर जाऊन उभे राहिले. काकांनी मान वर केली नाही, ढोलकीची दोरी ओढत बसले.

‘दुसऱ्या कडव्यात धावलास तू, बाबुराव,’ ते म्हणाले. ‘इथून आवरताना माझ्या नाकी नऊ आले.’

‘मग जवळ बसायचं,’ बाबा म्हणाले आणि त्यांच्या शेजारी टेकले.